पहिला बाक : सुट्टीतला एक पाठ

एचएसआर लेआउट, बेंगळुरू. सुट्टीत घरी आलो तेव्हा एक काम वाट पाहत होते. इमारतीच्या तळमजल्यावर बूट घालायला बसण्याची सोय नव्हती आणि आजोबांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी केलेल्या बाकाची ही कृती. ज्यांनी कधी करवत धरलेली नाही, त्यांनाही ती जमेल.

लाकूड : मी सिल्व्हर ओक घेतले. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कोडगू, चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत ते सावलीसाठी लावतात. लाकूड वाळलेलेच घ्यावे. ओलावा बदलला की लाकूड रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून बैठकीला एक रुंद फळी न लावता 14 सेंमीच्या दोन फळ्या घेऊन मध्ये 5 मिमी फट ठेवावी.

मापे : बैठकीच्या फळ्या 90 सेंमी लांब, 3 सेंमी जाड. चार पाय 5 × 5 सेंमी, उंची 42. म्हणजे बाक 45 सेंमी उंच होतो. गुडघे दुखणाऱ्याला फार खालून उठणे अवघड जाते, म्हणून उंची आधी ठरवा. आडव्या पट्ट्या 7 सेंमी रुंद, 2.5 सेंमी जाड : दोन 80 सेंमीच्या, दोन 22 सेंमीच्या.

जोडणी : लांब पट्ट्या पायांच्या बाहेरून, आखूड पट्ट्या आतून, वरच्या कडेला लावा. पट्टी नेहमी उभी लावायची, आडवी नाही. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल आणि दोन स्क्रू. स्क्रूआधी त्याहून बारीक छिद्र पाडा, नाहीतर फळीचे टोक चिरते. कोन गुण्याने पाहा. गुण्या नसेल तर कोपऱ्यापासून एका बाजूला 30 आणि दुसरीला 40 सेंमीवर खूण करा. खुणांमधले अंतर 50 भरले की काटकोन. हा आपल्या वर्गातलाच पायथागोरस! शेवटी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. मग बैठकीच्या फळ्या वरून स्क्रूने आखूड पट्ट्यांवर बसवा. स्क्रूची डोकी लाकडात थोडी आत जाऊ द्या. दोन्ही टोकांना फळी 5 सेंमीच बाहेर राहावी. जास्त ठेवली तर टोकावर बसणारा उलटतो.

शेवट : 80, मग 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. कडा गोल करा.

चाचणी : फेव्हिकॉल पूर्ण वाळू द्या. सपाट फरशीवर बाक डुगडुगत असेल तर लांब पाय घासा. मग पाण्याचे भरलेले 20 लिटरचे दोन कॅन दोन टोकांना ठेवा, म्हणजे 40 किलो. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी सांधे तपासा आणि कॅन तसेच ठेवून मधोमध घरातल्या सर्वांत जड माणसाला बसवा. सांधा सरकला नाही, तरच बाक खाली न्या. ज्येष्ठ माणूस बाकावर पूर्ण विश्वासाने अंग टाकतो. म्हणून ही पायरी गाळू नका, कॅडेट मित्रांनो.