जखम सुकवावी की ओलसर ठेवावी?

भाजलेल्या रुग्णांचे नातेवाईक कक्षात वारंवार विचारतात, "डॉक्टर, जखम सुकतेय ना?" खपली धरली म्हणजे जखम बरी होऊ लागली, ही समजूत घरोघरी रुजलेली आहे आणि वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ याच मताचे होते. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, तर काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण साधे आहे. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट खणत पुढे सरकावे लागते. ओलसर पृष्ठभागावरून त्या सहज पसरतात.

भाजलेल्या जखमेला कापसाची जाळी चिकटते. पट्टी बदलताना तिच्यासोबत कोवळी त्वचाही निघते आणि रुग्णास, विशेषतः लहान मुलास, असह्य वेदना होतात. न चिकटणाऱ्या तयार पट्ट्या आहेत. पण मोठ्या भागासाठी त्या वारंवार वापरणे सामान्य कुटुंबास झेपत नाही. या अडचणीवर मुंबईतील शल्यचिकित्सकांनी स्वयंपाकघरातून उत्तर शोधले. डॉ. एम. एच. केसवानी व सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली. पुढे डॉ. एम. ए. गोरे व डॉ. आकोलेकर यांनी केळीच्या पानांची पट्टी तपासली. त्यांचा अभ्यास २००३ साली 'बर्न्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन्ही पट्ट्या जखमेला चिकटत नाहीत. मात्र केळीची पट्टी तयार करण्यास अधिक सोपी आणि पुष्कळच स्वस्त ठरली. ज्या पानावर आपण जेवतो त्याचा मेणचट, गुळगुळीत पृष्ठभाग येथे कामी आला. अर्थात ही पाने वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली असतात. परसातले पान तोडून जखमेवर ठेवणे घातक ठरेल, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

ही पट्टी उथळ भाजण्यापुरती आहे. त्वचेचा संपूर्ण थर जळाला असल्यास रोपणाशिवाय गत्यंतर नसते आणि शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णाची स्वतःची त्वचा त्यास पुरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये व शीतपेटीत ही त्वचा काही वर्षे टिकते. मृतदेह विद्रूप होईल या भीतीने अनेक कुटुंबे नकार देतात. प्रत्यक्षात रक्तस्राव जवळजवळ होत नाही आणि पट्टी बांधूनच देह नातेवाइकांच्या स्वाधीन केला जातो.

तत्पूर्वीचा उपचार मात्र घरचाच आहे. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, शाई वा टूथपेस्ट लावून आलेली जखम आम्हांस आधी धुऊन काढावी लागते, मगच ती किती खोल आहे हे कळते.