रंगवलेल्या शिंगाखालची जखम

गुरांचे शिंग नखासारखे एकसंध व निर्जीव असते हा समज चुकीचा असून, बाहेरच्या कठीण आवरणाखाली, म्हणजे खोळीखाली, कपाळाच्या हाडातून वाढलेला जिवंत गाभा असतो आणि या दोहोंमध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला नाजूक थर असतो. वासरू साधारण 6 महिन्यांचे झाल्यावर हा गाभा पोकळ होऊ लागतो, आणि त्याची पोकळी कपाळाच्या हाडातील हवेच्या पोकळीशी, जिला अस्थिविवर म्हणतात, एकरूप होते. हे विवर पुढे नाकात उघडत असल्याने, शिंगाचा गाभा मुळाशी मोडला की त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते.

ही रचना ठाऊक नसणाऱ्यांची फसवणूक किती सहज होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास माणदेशातील एका बाजारात खिल्लार बैल घेताना आला. शिंगांना हिंगूळ व वर वॉर्निश लावलेले होते, टोकांना शेंब्या होत्या, आणि सौदा झाल्यावर थोड्याच अवधीत बैल मान एका बाजूला कलती धरू लागला व एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू वाहू लागला. कोमट पाण्याने रंग धुतला असता डाव्या शिंगाच्या बुडाशी लांबी भरून बुजवलेली भेग उघडी पडली, आणि बोटाने दाबताच त्या भेगेतून तोच वास आला. व्यापाऱ्याने मात्र नव्या गोठ्यात बैल गव्हाणीला धडकला असावा, असे ठामपणे सांगून सर्व दोष घेणाऱ्याच्या माथी मारला. हा युक्तिवाद टिकणारा नव्हता, कारण ताज्या इजेतून रक्त येते, तर विवरात पू साठून त्याला दुर्गंधी सुटण्यास काळ जावा लागतो. शिवाय धडकलेला बैल स्वतःची भेग लांबीने बुजवीत नाही. हे सर्व समोर मांडल्यानंतरही त्याने पैसे परत केले नाहीत, आणि सौद्याच्या वेळी शिंगांची तारीफ करणारा दलाल त्या दिवसापासून ओळख दाखवेनासा झाला.

म्हणून बैल घेताना रंगवलेले शिंग ओल्या फडक्याने पुसून पाहावे, दोन्ही बुडे हाताने धरून हलवावीत आणि कपाळावर बोटाने ठोकून दोन्ही बाजूंचा आवाज ताडून घ्यावा, कारण पू साठलेल्या बाजूचा आवाज बद्द येतो. विक्रेता शिंगाला हात लावू देत नसेल, तर तो सौदा सोडून द्यावा.

प्रत्यक्ष इजा झाल्यास नुसती खोळ निघाली आहे की गाभाही मोडला आहे, हे आधी पाहावे; गाभा शाबूत असल्यास बुडाच्या त्वचेपासून नवी खोळ, कधी वेडीवाकडी का होईना, येऊ शकते. वाहते रक्त स्वच्छ कापड दाबून थांबवावे व घट्ट पट्टी बांधावी. ही पट्टी दोन्ही शिंगांभोवती आठच्या आकड्यासारखी घेतली तरच टिकते. उघड्या पोकळीत काळे तेल, डिझेल, चुना वा टर्पेन्टाइन ओतणे हा क्रूरपणा होय, कारण ते द्रव विवरात उतरून जनावरास असह्य दाह देतात, आणि तरीही तसा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक गावात आढळतात. जखमेवर माशी बसू देऊ नये, अन्यथा अळ्या पडतात. मोडलेले शिंग बुडापासून काढावे लागल्यास ते पशुवैद्यकाकडून, शिंगाच्या मज्जातंतूला भूल देऊनच काढवून घ्यावे. धनुर्वात-प्रतिबंधक लशीची आठवण त्यांना करून द्यावी, आणि वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक वापरू नये, कारण मृत जनावरे खाणाऱ्या गिधाडांना ते घातक ठरल्याने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात 2006 पासून बंदी आहे. दवाखाना दूर असल्यास 1962 या क्रमांकावर फिरते पथक मागवता येते.

जखम भरेपर्यंत बैल जुवाला जुंपू नये व शिंगाला दावे बांधू नये. शिंग एका बाजूला झुकणे, सतत घासणे व मान झटकणे ही लक्षणे इजा नसतानाही दिसल्यास शिंगाच्या कर्करोगाची शंका घेऊन तत्काळ तपासणी करावी. खरेदीच्या पावतीवर दोन्ही शिंगांची स्थिती लिहून त्याखाली विक्रेत्याची सही घ्यावी. प्रस्तुत लेखकाकडे अशी नोंद असती, तर त्या व्यापाऱ्याला गव्हाणीची कथा सांगता आली नसती.