केसाला हात लावण्याआधी

हिरकणीवाडीतल्या आयांनो, बाबांनो,

प्रार्थनेच्या रांगेतच शिक्षकांनी पोरांच्या डोक्यावर कात्री फिरवली, अशा बातम्या अधूनमधून येतात. मधोमध असा पट्टा मारलेला असतो की टक्कल केल्यावाचून गत्यंतर नाही. पोरगं घरी येतं, दप्तर टाकतं, डोक्याला टॉवेल गुंडाळून बसतं. आणि आपण म्हणतो, 'बरं झालं, कधीची सांगत होते केस काप म्हणून.' हे वाक्य गिळून टाकू या. पोराचा चारचौघांत अपमान झालाय, आधी ते बघायला हवं.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, त्याचा मानसिक छळही करता येत नाही. तसं करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तो 2019 मध्ये केला, कारण कृष्णवर्णीयांचे कुरळे केस, बारीक वेण्या 'नीटनेटक्या नाहीत' म्हणून शाळेत नि नोकरीत त्यांची अडवणूक व्हायची. आपल्याकडे राठ, कुरळ्या केसांच्या मुलीला सहज 'झिपरी' म्हणतात. घरातलेही म्हणतात. तिला ते लागतं हो!

1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. वस्तरा ज्यांच्या हातात, तेच नाही म्हणाले. आणि आपल्या महाडात, डिसेंबर 1927 च्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, की ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून लोक तुमची जात ओळखतात, ते टाकून द्या. आपण कसं दिसायचं हे आपणच ठरवायचं, ही गोष्ट या तालुक्याला नवी नाही.

म्हणून सगळेच नियम झुगारा असं मी म्हणत नाही. उद्या पोर महाडच्या एमआयडीसीत कामाला लागलं तर मशीनजवळ केस टोपीत बांधावेच लागतील. तिथे जिवाचा प्रश्न आहे. शाळेत पोरी डोक्याला डोकं लावून बसतात, एकीच्या डोक्यातल्या उवा दुसरीला होतात. त्या वेळी बाईंनी आईला बाजूला बोलावून सांगावं, आपण घरी फणी फिरवावी. वर्गात उभं करून 'हिच्या डोक्यात उवा आहेत' म्हणायचं कारण नाही. नियमामागचं कारण विचारा. सांगता आलं तर पाळा.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या: केस वाढले तर घरी चिठ्ठी पाठवा, कात्री नको. तरीही प्रकार घडलाच तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख घाला, पोच घ्या. पुढे गटशिक्षणाधिकारी आहेत, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत सोडायला स्वतः जा.