पाथरीचे घराणे आणि हबशी वजीर

पाथरी हे आपल्या परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. या गावाचे नाव एका मोठ्या राजघराण्याशी जोडलेले आहे. ते घराणे म्हणजे अहमदनगरची निजामशाही. हैदराबादचा निजाम वेगळा, तो पुष्कळ नंतरचा. नाव सारखे म्हणून घोटाळा होतो, यासाठी हे आधीच सांगून ठेवतो.

फिरिश्ता नावाचा एक जुना इतिहासकार होता. तो लिहितो, की या राजांचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी. त्यांच्यातला तिमाप्पा नावाचा एक मुलगा विजयनगरच्या लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला. सुलतानाने त्याला गुलाम केले, मुसलमान केले, आणि आपल्या मुलाबरोबर शिकायला बसविले. मलिक हसन हे त्याचे नवे नाव. हाच मुलगा पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० साली स्वतःचे राज्य उभारले. अहमदच्या मुलाला, बुऱ्हाणला, पाथरी हवी होती. ती तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहा ऐकेना. मग १५१८ साली फौज नेऊन त्याने पाथरी घेतली. वाडवडिलांच्या गावाची ओढ अशी असते!

आता गुलाम म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सालगडी येईल. पण तसे नव्हे. सालगड्याचा करार पाडव्याला संपतो. त्याला घर असते, भाऊबंद असतात. गुलाम एकदा विकला गेला की त्याचे गाव तुटले, आईबाप तुटले, नावसुद्धा बदलले. मालकावाचून त्याला दुसरे कुणी नाही. आणि म्हणूनच राजांना असा माणूस हवा असे. दरबारातल्या सरदारांना वतने असतात, सोयरीकसंबंध असतात. ते केव्हा फिरतील याचा नेम नाही. परका माणूस कुणाच्या जोरावर फिरणार? ज्याची भाकरी खातो त्याच्याच बाजूने तो लढणार, असा राजांचा हिशोब.

ही रीत फार जुनी आहे. आफ्रिकेत नाईल नदीच्या काठी मिसर, म्हणजे इजिप्त, नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला नूबिया. तिथले लोक काळे आणि धनुष्यबाणात पटाईत. नूबियाला मिसरी लोक धनुष्याचा देशच म्हणत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक कबर मिसर देशात सापडली. तिच्यात लाकडाचे चाळीस नूबियन तिरंदाज ओळीने उभे केलेले होते. मिसरच्या राजांनी या लोकांना आपल्या फौजेत ठेवले. येशू ख्रिस्ताच्या आधी सुमारे १५०० वर्षे त्यांनी नूबियाच जिंकून घेतला. तिथले सोने आपल्याकडे आणले. तिथल्या नायकांची मुले आपल्या दरबारात आणून वाढविली. पुढे मिसरचे राज्य दुबळे झाले. तेव्हा, ख्रिस्ताच्या आधी सुमारे ७३० वर्षे, नूबियाचा राजा पिये फौज घेऊन उत्तरेला आला आणि मिसरचे राजे त्याला शरण आले. त्याच्या वंशातला तहार्क हा मोठा राजा झाला. ज्यांना चाकर म्हणत होते तेच सिंहासनावर बसले. त्यांनी मिसरच्याच देवांची देवळे दुरुस्त केली, नवी बांधली.

नूबियाच्याही पलीकडे, आग्नेयेला, हबसाण आहे. आज त्याला इथिओपिया म्हणतात. तिथून आलेला तो हबशी. अरब व्यापारी हबशी मुले पकडून किंवा विकत घेऊन समुद्रापलीकडे विकीत. सुमारे १५४८ साली जन्मलेला चापू नावाचा मुलगा असाच विकला गेला. हबसाणातून अरबस्तान, तिथून बगदाद, आणि मग आपला दख्खन. वाटेत त्याचे नाव अंबर झाले. एका मालकाने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशोबाला शिकविले. आम्हाला वाटते, त्याच्या सगळ्या मालकांत हाच खरा उपकारी.

अहमदनगरला त्याला चंगीझखानाने विकत घेतले. हा निजामशाहीचा वजीर, आणि तोही हबशीच. चंगीझखान मेल्यावर अंबर मोकळा झाला. काही वर्षे त्याने विजापूरला चाकरी केली, मग आपले थोडे स्वार घेऊन परत आला. तेव्हा मोगल दख्खनवर चालून आले होते. १५९७ साली पाथरीजवळ गोदाकाठी आष्टीला मोठी लढाई झाली आणि दख्खनी फौजा हरल्या. १६०० साली अहमदनगरचा किल्लाही पडला. राज्य बुडाले असेच सगळ्यांना वाटले.

अंबराने राजघराण्यातला एक मुलगा शोधला. परांड्याच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. शहा तो, पण कारभार अंबराचा. त्याच्याजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत, असे विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने लिहिले आहे. या दख्खनी स्वारांत आपले मराठे पुष्कळ. सिंदखेडचे लखुजी जाधव त्याच्या बाजूने लढले (पुढे ते मोगलांकडे गेले), आणि शिवाजीराजांचे वडील शहाजीराजेही लढले. समोरासमोर उभे न राहता रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात पसार व्हायचे, ही लढाईची तऱ्हा.

पण तुम्हाआम्हाला जवळची गोष्ट म्हणजे त्याचा धारा. आधी सारावसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार कुणब्याला पिळून काढी. अंबराने मक्ता बंद केला. जमिनीचा कस पाहिला, बागायत आणि जिरायत वेगळी केली, आणि येणारे पीक बघून सरकारचा हिस्सा ठरविला. पाच पायल्यांत सुमारे दोन पायल्या. पुढे रोकड घेऊ लागला तेव्हा हिस्सा सुमारे एक तृतीयांश झाला. हा भारही हलका नव्हेच. पण किती द्यायचे ते आधी कळे, हे मोठे. मराठी कागदांत 'मलिकंबरी' हा शब्द यावरूनच आला. त्याने १६१० साली खडकी शहर वसविले आणि खापराच्या नळांतून तिथे पाणी खेळविले. हेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर.

एवढे करूनही तो गुलामीतून आला हे लोक विसरले नाहीत. पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी १६१७ साली अंबराला भेटला. त्याने ऐकलेली एक हकीकत लिहिली आहे. राजाची एक इराणी राणी होती. भांडणात ती अंबराच्या मुलीला गुलामाची पोर म्हणाली. हे बापाच्या कानी गेले, आणि राजा व राणी विषाने मेले. खरे काय ते देव जाणे. राजा मात्र सुमारे १६१० साली मेला आणि दुसरा राजा गादीवर आला. अंबर स्वतः काही बसला नाही. मिसरात नूबियाचे राजे बसले, कारण त्यांच्यामागे त्यांचा स्वतःचा देश होता. अंबराच्या मागे परतायला देश नव्हता. मराठे आणि दख्खनी सरदार एकत्र राहात ते पाथरीच्या घराण्याच्या नावावर, हे तो ओळखून होता.

जहांगीर बादशहाने तर एक चित्र काढवून घेतले. भाल्यावर अंबराचे कापलेले डोके, आणि बादशहा त्याला बाण मारतो आहे! प्रत्यक्षात १६२४ साली भातवडीला अंबराने मोगल आणि विजापूर दोघांच्याही फौजा एका वेळी मोडल्या. १६२६ साली, सुमारे ऐंशीच्या घरात, तो आपल्या मरणाने मेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

त्याचा मुलगा फत्तेखान. बापाने सांभाळलेल्या घराण्यातल्या राजालाच त्याने ठार केले, आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांना दिला. मग शहाजीराजे पुढे झाले. अंबराने केले तेच त्यांनी केले. घराण्यातला एक लहान मुलगा शोधला, गादीवर बसविला, आणि त्याच्या नावाने तीन वर्षे झुंजले. १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यावर तह झाला, आणि तो मुलगा मोगलांच्या कैदेत गेला.