दोन औषधे, तीन दिवस



२० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. १८९७ साली याच दिवशी रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा जंतू दिसला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण रोग अजून गेलेला नाही. आजही जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने दगावतात, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालकांची असते.

पूर्वी यावर क्लोरोक्वीनची स्वस्त गोळी पुरे होत असे. पुढे फाल्सीपॅरम जातीचा जंतू तिला दाद देईनासा झाला. चीनमधील तू यूयू यांनी १९७२ मध्ये एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन वेगळे केले. त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. हे औषध जंतू झपाट्याने मारते, पण काही तासांतच शरीराबाहेर जाते. म्हणून त्याच्या जोडीला रक्तात अनेक दिवस टिकणारे दुसरे औषध देतात. पहिले बहुतेक जंतूंचा फडशा पाडते, दुसरे उरलेसुरले टिपते. हीच संयुक्त उपचारपद्धती.

दोन औषधेच का? हा हिशेब आम्ही वर्गात फळ्यावर मांडला. समजा, एक कोटी जंतूंत एखादाच पहिल्या औषधाला पुरून उरतो आणि एक कोटीत एखादाच दुसऱ्याला. मग दोन्हींना पुरून उरणारा किती जंतूंत एक? कोटी गुणिले कोटी! म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आर्टेमिसिनिनच्या एकट्या गोळ्या बंद करण्यास सांगितले.

लहान मुलांना कडू गोळी गिळवत नाही. त्यांच्यासाठी २००९ मध्ये पाण्यात विरघळणारी गोड गोळी आली. आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन यांच्या या जोडगोळीच्या तीन दिवसांत सहा मात्रा असतात. प्रत्येक मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरते आणि दुधाबरोबर किंवा जेवणानंतर देतात, कारण स्निग्ध पदार्थासोबत औषध चांगले शोषले जाते.

पालकांनो, चूक होते ती आम्हा मोठ्यांकडूनच. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. पण ताप गेला म्हणजे जंतू गेले असे नव्हे. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांतूनच औषधाला न जुमानणारे निपजतात. आपल्याकडे आढळणारा व्हायव्हॅक्स जंतू तर यकृतात दडून बसतो. त्यासाठी वेगळी औषधे लागतात. म्हणून थंडी वाजून ताप आला की आधी रक्त तपासावे, मनाने गोळी देऊ नये. मूल गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील किंवा ते सारखे ओकत असेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

स्वाध्याय
१. ताप उतरल्यावरही गोळ्या पूर्ण का घ्याव्यात?
२. कोटी गुणिले कोटी म्हणजे एकावर किती शून्ये?
३. घराभोवती पाणी कोठे साचते ते पाहा आणि आठवड्यातून एकदा ती भांडी कोरडी करा.