काखेत हात घालायचा नाही

१. वाईट बातमी आणणारा माणूस आपल्याच बाजूचा असतो, हे मला उशिरा कळलं. शिरगावच्या अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं आणि डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ धरला. "आवाज येतोय, टूडी इको करून घ्या." मी त्यांच्यावरच उखडलो. पोर तर दिवसभर हुंदडते! ते पथक ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तो २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. इकोत दिसलं: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र.

२. माहिती म्हणजे धीर नव्हे. तारापूरच्या कारखान्यात पाळी करणारा मी, नातेवाइकांना ऐटीत सांगायचो, "पंप दुरुस्तीला काढला की आपण बायपास लाइन चालू करतो ना, तसंच. हृदय थांबवतात, रक्त मशीन फिरवतं, छिद्रावर ठिगळ लावतात." परळला वाडिया रुग्णालयात संमतीच्या कागदावर सही करताना मात्र स्वतःचं आडनाव चुकलो.

३. उपाशी सकाळ ऑपरेशनपेक्षा लांबलचक असते. चार वर्षांच्या पोरीला भूल म्हणजे काय, कसं सांगणार? ती 'दूध' म्हणाली की बायको गोष्ट पुढे सरकवायची. तिनं स्वतः चहाचा घोटही घेतला नाही. मी "फोन करून येतो" म्हणून खाली जाऊन वडापाव खाल्ला. परतलो तर पोरगी म्हणाली, "बाबा, चटणी लागलीय." बायको काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

४. आयसीयूत मी लेकीकडे बघतच नव्हतो, मॉनिटरकडे बघत होतो. सवयच ती, आकडा हलला की माझा जीव वर. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "दादा, ते आम्ही बघतो. तुम्ही तिचा पाय धरा." नळ्यांच्या पसाऱ्यात तेवढाच मोकळा होता. गार होता. अंगठ्यावर घरून लावून आणलेलं लाल नेलपॉलिश अर्धं उडालेलं.

५. घरी आल्यावरच खरी धास्ती. छातीचं हाड तारेनं बांधलेलं. काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. आल्यागेल्याला मी दारातच हे ऐकवायचो. आजीसुद्धा सुटली नाही. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली. सुरूच्या बनातून समुद्राकडे जाताना वाळू तापली म्हणून पोरीनं दोन्ही हात वर केले. मी तसाच उभा. "उचल ना," बायको म्हणाली.