मालक एक, जीव लावणारे हजार
फुटबॉल क्लब का बुडतात आणि व्यापाऱ्यांनी त्यातून काय शिकावे?

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काही वाचक विचारतील. बीड जिल्ह्यात मोठा क्लबही नाही आणि फुटबॉलचे वेडही क्रिकेटइतके नाही. पण क्लब हाही एक धंदाच आहे. त्यात भांडवल असते, पगार असतात, भाडे असते, जाहिरातदार असतात आणि गिऱ्हाईकही असते. तो बुडतो तेव्हा मालकाचे थोडे जाते, बाकीच्यांचे पुष्कळ जाते. ज्यांचा जीव आणि पैसा गुंतलेला असतो त्यांच्या हाती निर्णय नसतो, आणि ज्याच्या हाती निर्णय असतो त्याचे लक्ष भलतीकडे असते. हा रोग आपल्या भागीदारीत आणि पतसंस्थांतही आहे. म्हणून हा विषय आम्ही आज अभ्यासाला घेतला आहे.

पुण्याने पाच वर्षांत तीन क्लब गमावले

बीडचा व्यापारी मालासाठी पुण्याला नेहमी जातो. त्या शहरात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एकेकाळी मोठ्या स्पर्धांचे सामने होत. पहिला क्लब पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो 2007 मध्ये काढला. 2012-13 मध्ये हा संघ आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला. संघ चांगला होता, व्यवस्थाही नेटकी होती. तरी 2015 मध्ये मालकांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

दुसरा क्लब डीएसके शिवाजीयन्स. शिवाजीयन्स हा पुण्याचा जुना स्थानिक क्लब. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने तो हाती घेतला आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून मुलांसाठी अकादमी काढली. संघ आय-लीगचे दोन हंगाम खेळला आणि 2017 मध्ये बंद पडला. कारण मैदानावर नव्हते. समूहाचा मूळ धंदाच अडचणीत आला होता. ठेवीदारांचे पैसे थकल्याच्या तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये कुलकर्णी यांना अटक झाली.

तिसरा एफसी पुणे सिटी. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा हा संघ वाधवान समूहाने घेतला. अभिनेता हृतिक रोशन हा सहमालक होता. 2017-18 मध्ये संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. ‘ऑरेंज आर्मी’ नावाने त्याचे चाहते दर सामन्याला गोळा होत. 2019 मध्ये पैशाची अडचण आली, क्लब गुंडाळला गेला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले.

मालक बुडाला तरच क्लब बुडतो असेही नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा 1962 पासूनचा संघ. 2005-06 मध्ये तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. कंपनी भक्कम होती, आजही आहे. तरी 2010 मध्ये कंपनीने धोरण बदलले आणि संघ बंद केला.

रोगाचे मूळ

या चारही क्लबांत तीन गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली, क्लब स्वतःच्या कमाईवर उभा नव्हता. आपल्याकडे तिकिटांची आवक थोडी. मोठा खर्च खेळाडूंचे पगार, प्रवास आणि मैदान यांचा, शिवाय सुपर लीगमध्ये दरवर्षीची फ्रँचायझी फी. ही तूट मालकाच्या दुसऱ्या धंद्यातून भरली जाते. त्या धंद्याला ताप आला की क्लबाला थंडी वाजते.

दुसरी, मालकाने हात काढून घेतला तर पुढे काय, याची तजवीज कोणीही करून ठेवली नव्हती. सुरुवातीला सगळे बँडबाजाचे बोलतात. शेवटाचे बोलणे अपशकुनाचे वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साधे गिऱ्हाईक माल वाईट निघाला की दुसऱ्या दुकानात जाते. त्यामुळे दुकानदार वचकून राहतो. क्लबाचा चाहता दुसऱ्या दुकानात जात नाही. संघ हरला तरी तो येतो, कारभार बिघडला तरी येतो. ही निष्ठा चांगली आहे, पण तिच्यामुळे वाईट कारभाऱ्याला शिक्षा होत नाही. ज्याची निष्ठा फुकट मिळते त्याला हिशेब द्यावा असे कोणाला वाटत नाही.

मोहामेडन स्पोर्टिंगची कथा

कोणी म्हणेल, हे धनवानांच्या खेळण्यांचे झाले. क्लब सभासदांचा असेल तर असे होणार नाही. त्यासाठी कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगकडे पाहू. हा क्लब 1891 मध्ये स्थापन झाला. 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला आणि 1938 पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती लीग जिंकली. त्या काळी त्याचे नाव देशभर निघे.

असा क्लब पैशाअभावी 2014 मध्ये संघ बंद करण्याच्या घोषणेपर्यंत आला. नाव होते, सभासद होते, पण हंगाम चालवण्याइतके भांडवल नव्हते. पुढे 2020 मध्ये बंकरहिल हा गुंतवणूकदार आला. संघ सुधारला आणि 2023-24 मध्ये त्याने प्रथमच आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला. 2024 मध्ये श्राची समूह हा दुसरा गुंतवणूकदार आला. मग कोणाचे शेअर किती आणि ते कधी वर्ग करायचे यावर वाद लागला. त्या वादात खेळाडूंचे पगार थकले. जानेवारी 2025 मध्ये खेळाडूंनी सराव थांबवला आणि हंगामाअखेर संघ तळाला राहिला.

म्हणजे केवळ ‘आपली संस्था’ म्हटल्याने ती टिकत नाही. मालक एकटा असला की मनमानी होते, मालक अनेक असून कागद कच्चा असला की भांडण होते. दोन्हीकडे उपाशी राहतो तो काम करणारा.

बाहेरच्या देशांत काय झाले

इंग्लंडमध्ये बरी नावाचा 1885 मधील क्लब होता. डिसेंबर 2018 मध्ये तो अवघ्या एका पौंडात नव्या मालकाने घेतला. क्लबावर देणी होती आणि ती फेडण्याइतका पैसा आहे हे मालकाला सिद्ध करता आले नाही. ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबाला बाहेर काढले. एक पौंडात मिळालेली वस्तू स्वस्त नव्हती, तिच्याबरोबर कर्जही आले होते. चालता धंदा पगडी देऊन घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुकानाची पाटी घेताना उधारीची वही आधी उघडावी.

उलट उदाहरणही तिथेच आहे. पोर्ट्समथ क्लब 2010 आणि 2012 असा दोनदा दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. तेव्हा चाहत्यांनी नुसती निदर्शने केली नाहीत. त्यांनी ट्रस्ट नोंदवला, वर्गणी जमवली आणि 2013 मध्ये क्लब ताब्यात घेतला. कारभार मार्गी लावल्यावर 2017 मध्ये भागधारकांचे मत घेऊन त्यांनी तो नव्या मालकाला विकला.

जर्मनीत नियमच असा आहे की क्लबाच्या कंपनीत मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांच्या संस्थेकडे राहावा. एकदोन जुने अपवाद सोडले तर गुंतवणूकदार कितीही मोठा असो, शेवटचा शब्द त्याचा नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे

बीडकराला हे ओळखीचे वाटले तर नवल नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेट ही बीडचे मुख्यालय असलेली पतसंस्था. 2023 मध्ये तिच्याकडून ठेवी परत मिळणे थांबले आणि 2024 मध्ये तिच्या अध्यक्षांना अटक झाली. प्रकरण तपास यंत्रणांकडे आणि न्यायालयात गेले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण ठेवीदारांत छोटे दुकानदार, कारागीर आणि मजूर होते. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी दुकानाच्या डिपॉझिटसाठी पैसे ठेवले होते. त्यांची गत पुण्याच्या चाहत्यांसारखीच झाली. पैसा त्यांचा, आणि बातमी त्यांना सर्वांत शेवटी.

म्हणून चार सवालांची सवय आम्ही सुचवतो. पैसा, मेहनत किंवा नाव कुठेही गुंतवण्याआधी ते विचारावेत.

1) माझे स्थान कोणते? पतसंस्थेत पुष्कळ ठेवीदारांना ‘नाममात्र सभासद’ करून घेतले जाते. अशा सभासदाला मत नसते. तो चाहता आहे, मालक नव्हे. पावतीवर आणि अर्जावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. पूर्ण सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे. वर्षअखेरीपासून सहा महिन्यांत ती घ्यावीच लागते. अहवाल आणि ताळेबंद मागावा. तेथे एक सभासद, एक मत असते. श्रीमंताचे जास्त नसते.

2) पैसा कुठून येतो? धंदा स्वतःच्या पायावर आहे की दुसऱ्या धंद्याच्या उसनवारीवर? बाजारापेक्षा फार जास्त व्याज देणारी संस्था ते व्याज कोणत्या कमाईतून देते, हे विचारावे. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला, ती मल्टिस्टेट असली तरी, हे कवच नाही.

3) हिशेबाची वही मला दिसते का? भागीदारी कायदा 1932 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क आहे. ‘आपल्याच माणसाला हिशेब काय मागायचा’ हे वाक्य नात्याचे नाही, नुकसानीचे आहे. हिशेब मागितल्याने जी दोस्ती तुटते ती हिशेब न मागता जास्त वाईट तुटते.

4) शेवटच्या दिवशी काय? कोणी बाहेर पडला, आजारी पडला, वारला तर त्याचा वाटा कसा मोजायचा, देणी कोण देणार, कामगारांची मजुरी आधी की मालकाचे भांडवल आधी, हे पहिल्या दिवशी लिहावे. फर्मची नोंदणी करावी. नोंदणी नसेल तर करारातील हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही, फर्म मोडून हिशेब मागता येतो एवढेच. अंबाजोगाईचे गॅरेज असो की माजलगावची फळांची आडत, स्टॅम्पपेपर आणि नोंदणी यांचा खर्च एका बुडीत उधारीपेक्षा कमीच येतो.

शेवटी एक गोष्ट मालक असलेल्या वाचकांसाठी. तुमच्या दुकानातला शिलाईवाला, लोहार, हमाल, जुना गिऱ्हाईक हेही तुमच्या धंद्याला जीव लावून असतात. धंदा तुमच्या नावावर आहे, पण तो बंद करण्याचा निर्णय फक्त तुमचा एकट्याचा नसतो, त्यावर इतरांच्या चुली अवलंबून असतात. अडचण असेल तर वेळेवर सांगा. पगार थकवून मग कुलूप लावू नका. आणि ज्यांनी जीव लावला आहे त्यांनीही केवळ टाळ्या वाजवत बसू नये. महिन्यातून एक दिवस वही उघडून बघावी.